नवजात बाळाचे कान : तपासणी आणि पाठपुरावा



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून बहुधा शाळेच्या इमारतीविषयी, निकालाविषयी आणि मुलींच्या वाढत्या पटसंख्येविषयी बोलले जाते. ते बोलणारे या सभेत पुष्कळ आहेत, आणि ते माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलतील. मी आपणांस शाळेच्या दारापासून बरेच मागे, थेट बाळंतिणीच्या खोलीत घेऊन जाणार आहे. कारण जे मूल ऐकू शकत नाही त्याचे शिक्षण शाळेत नव्हे, तर त्या खोलीत सुरू व्हावे लागते, आणि तेथे चुकले तर पुढे शाळेने कितीही कष्ट घेतले तरी भरपाई अपुरी पडते.

आपल्या घरी मूल जन्मले की त्याच्या उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत देण्याची रीत आहे. घरातील वडीलधारे माणूस किंवा मौलवीसाहेब बाळाच्या कानाशी तोंड नेऊन हलक्या आवाजात ते शब्द म्हणतात. जगात आलेल्या जिवाच्या कानी पहिला शब्द कोणता पडावा, याची एवढी आस्था आपल्या वाडवडिलांनी बाळगली. तो शब्द त्या कानाला ऐकू गेला की नाही, हे मात्र आपण विचारीत नाही. न ऐकणाऱ्या बाळाच्या कानात दिलेली अजान वाया जाते असे माझे म्हणणे नाही. तो प्रांत उलेमांचा आहे आणि त्यात मी पाऊल टाकणार नाही. मी एवढेच म्हणतो की, ज्या कानाचा आपण इतका मान राखतो, तो चालतो की नाही हे त्याच आठवड्यात पाहून घ्यावे.

आपण केव्हा पाहतो? चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे मूल झाले की अनेक घरांत बिस्मिल्लाचा समारंभ होतो. मूल उस्तादांसमोर बसते, आणि ते त्यांच्यामागून अक्षर उच्चारीत नाही असे दिसले की मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. बालवाडीतही हेच घडते. तोपर्यंत घरात समजुती तयार असतात. ‘मुलगे उशिराच बोलतात.’ ‘याचा बापही तीन वर्षे मुका होता.’ ‘जीभ जड आहे, खालचा पडदा कापून घ्या.’ कोकणातील आपल्या घरांत आणखी एक समजूत ऐकू येते : घरात कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, म्हणून पोराचा गोंधळ झाला आहे. मंडळी, भाषा दोन असोत की तीन, ऐकणारे मूल त्या सर्व उचलते. भाषांच्या गर्दीने मूल मुके होत नाही. आणि जिभेखालच्या पडद्याने उच्चारात थोडा दोष येईल, पण मूल बोलायचेच थांबत नाही. बोलत नसलेल्या मुलाची जीभ पाहण्याआधी कान पाहावेत, हा नियम घरातील आजीबाईंनी गाठीशी बांधून ठेवावा.

दर हजार जन्मलेल्या बालकांपैकी साधारण एक ते तीन बालकांना जन्मतःच कायमचा श्रवणदोष असतो, असे जगभराचा अनुभव सांगतो. अपुऱ्या दिवसांची, अतिदक्षता विभागात राहिलेली बालके घेतली तर हे प्रमाण अनेक पटींनी वाढते. ‘आमच्या घराण्यात कोणी बहिरे नाही’ हे उत्तर मी नेहमी ऐकतो. परंतु जन्मतः न ऐकणाऱ्या मुलांपैकी शंभरांतील नव्वदांहून अधिक मुलांचे आईबाप चांगले ऐकणारे असतात. तेव्हा घराण्याच्या इतिहासावर विसंबण्यात अर्थ नाही.

‘पण आम्ही टाळी वाजवून पाहिली, बाळ दचकले,’ असेही सांगतात. दार आपटले, ताट पडले की जमीन आणि खाट हादरते, वारा लागतो, सावली हलते. न ऐकणारे बाळही त्याने दचकते. शिवाय काही बालकांना ढोलताशाचा आवाज ऐकू येतो, परंतु ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक ध्वनी ऐकू येत नाहीत. आणखी फसवणूक अशी की, जन्मतः बहिरे असलेले बाळही पहिले काही महिने इतर बाळांसारखेच हुंकारते. त्यामुळे आई निर्धास्त राहते. पुढे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू न आल्यामुळे ते हुंकार हळूहळू आटतात. पण बाळ शहाणे झाले, शांत झाले, असे म्हणून घरात कौतुकच होते.

डोळ्यांनी आणि टाळ्यांनी हे कळत नाही, हे डॉक्टरांनाही अनुभवानेच शिकावे लागले. अमेरिकेत डेन्व्हर येथे मॅरियन डाउन्स या विदुषीने १९६० च्या दशकात नवजात बालकांच्या खोलीत आवाज करून बालकांच्या हालचाली टिपण्याचा उद्योग केला. हेतू मोठा होता, पण रीत कच्ची होती. नंतर १९७८ मध्ये लंडनचे डेव्हिड केम्प यांनी एक चमत्कारिक गोष्ट जगापुढे मांडली : निरोगी कान केवळ आवाज घेत नाही, तर स्वतःही अतिशय क्षीण असा आवाज परत देतो. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यातील सूक्ष्म केसपेशी आवाजाने हलतात, आणि त्यांच्या त्या हालचालीचा पडसाद बाहेर कानाच्या नळीत टिपता येतो. यावरच आजची ओ. ए. ई. चाचणी उभी आहे. बाळाच्या कानात मऊ टोकाची लहानशी नळी ठेवतात, तिच्यातून बारीक टिकटिक सोडतात आणि परत येणारा पडसाद यंत्र मोजते. सुई नाही, रक्त नाही, औषध नाही. बाळ दूध पिऊन झोपलेले असले की काही मिनिटांत काम होते. दुसरी चाचणी म्हणजे ए. बी. आर.; आपल्याकडे रुग्णालयांत तिला ‘बेरा’ म्हणतात. तीत डोक्याला लहान पट्ट्या चिकटवून आवाज कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गावर पोहोचतो की नाही ते पाहतात. जे बाळ अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून अधिक राहिले, किंवा ज्याची कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावे लागले, त्याच्यासाठी पहिली चाचणी पुरेशी नाही. त्याचे कान ठीक असून पुढची नस काम करीत नसण्याचा संभव असतो. अशा बाळासाठी बेराच मागावी.

आता घाई कशासाठी, हे पाहू. बाळ आईच्या पोटात असतानाच, पाच-सहा महिने झाल्यावर, आवाज ऐकू लागते. जन्मानंतरची पहिली दोन-तीन वर्षे मेंदू भाषेसाठी जणू जमीन नांगरून ठेवतो. त्या हंगामात बी पडले नाही तर जमीन इतर कामांकडे वळते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील मुलांचा अभ्यास करून क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला आणि ज्यांना उपचार लगेच मिळाले, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा पुष्कळ पुढे होती. त्यावरून एक सोपा हिशेब जगभर रूढ झाला : एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान, सहा महिन्यांच्या आत उपचाराला सुरुवात. एक, तीन, सहा. ज्या ठिकाणी ही घडी चांगली बसली आहे तेथे आता एक, दोन, तीन असा आणखी कडक हिशेब धरण्याची शिफारस आहे. आपल्या बिस्मिल्लाच्या चार वर्षांशी हा हिशेब ताडून पाहा.

इतके सांगून मी थांबलो असतो तर ‘अमुक रुग्णालयात यंत्र आणा’ असा ठराव करून आपण घरी गेलो असतो. परंतु माझ्या मते खरी अडचण यंत्राची नाही. ती यंत्रानंतरची आहे.

चाचणीचा निकाल ‘पास’ किंवा ‘रेफर’ असा येतो. रेफर म्हणजे बहिरे नव्हे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी कानात पाणी, चिकट मळ असतो. बाळ रडत असते. पंख्याचा आवाज असतो. अशा कारणांनीही रेफर येते, आणि दुसऱ्या वेळी तपासले की त्यांतील बरीच बालके पास होतात. पण काही होत नाहीत, आणि सारा खटाटोप त्या थोड्यांसाठीच असतो. दुसऱ्या चाचणीला जर बाळ आलेच नाही, तर पहिली चाचणी केली काय आणि न केली काय, सारखेच.

ते का येत नाही? मी पाहिलेले एक घर सांगतो. खाडीकाठच्या गावातील मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. रुग्णालयात बाळाची चाचणी झाली, रेफर आले. परिचारिकेने कागद हाती दिला आणि ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणून सांगितले. कशासाठी, ते कोणी नीट सांगितले नाही. तो कागद बिलाच्या आणि लसीच्या कागदांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गेला. चाळीस दिवस बाळंतीण घराबाहेर पडणार नव्हती. पुढे ती सासरी दुसऱ्या तालुक्यात गेली, पिशवी माहेरच्या कपाटात राहिली. रुग्णालयाच्या नोंदवहीत जो फोन नंबर होता तो बाळाच्या वडिलांचा, आणि वडील नोकरीसाठी आखातात. इकडचा नंबर बंद. मूल पावणेचार वर्षांचे झाल्यावर बालवाडीच्या बाईंनी शंका घेतली. पिशवी उघडली तेव्हा कागद जसाच्या तसा होता. या घरात अडाणी कोणी नव्हते; मुलाची आई बारावी झालेली होती. दोष कुणा एकाच्या माथी मारता येत नाही. आपल्याकडच्या बाळंतपणाची सारी रीतच अशी आहे की, दुसऱ्या भेटीच्या नेमक्या दिवशी आई, बाळ, कागद आणि फोन ही चार जणे चार ठिकाणी असतात!

चाळीस दिवसांच्या पथ्याविषयी माझी तक्रार नाही. बाळंतिणीला विश्रांती हवीच. पण बाळाला मावशीने, आजीने, मामाने न्यायला काय हरकत आहे? दूध पाजण्यापुरती आई बरोबर रिक्षातून आली तरी पथ्य मोडत नाही. लसीसाठी नेतोच ना आपण? दीड महिन्याच्या लसीच्याच दिवशी कानाची दुसरी फेरी जोडून घेतली तर एका भाड्यात दोन कामे होतात.

निदान पक्के झाले की पुढचा रस्ता लांब आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. श्रवणयंत्र काही आठवड्यांच्या बाळालाही लावता येते. मात्र बाळाचा कान झपाट्याने वाढतो, त्यामुळे कानात बसणारा साचा पहिल्या वर्षी पुन्हा पुन्हा नवा करावा लागतो. सैल झाला की यंत्र शिट्टी मारते, आणि घरची मंडळी यंत्र बिघडले असे समजून ते काढून ठेवतात. कोकणच्या पावसात यंत्रात दमट हवा शिरते. रात्री ते झाकणाच्या डबीत, ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीबरोबर ठेवावे. सेल संपले की त्याच दिवशी बदलावेत. आणि पाहुणे आले, लग्नाला जायचे म्हणून यंत्र काढून ठेवणे हे मी अनेक घरांत पाहिले आहे, मुलींच्या बाबतीत विशेष. चष्म्याची लाज गेली तशी हीही जाईल, पण तोवर त्या मुलीचे जे ऐकायचे राहून जाईल ते कोण भरून देणार?

श्रवणयंत्राने भागत नाही एवढा दोष असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करतात. ती पहिल्या वाढदिवसाच्या आसपास झाली तर फळ उत्तम. खर्च लाखांच्या घरात असतो. जन्मतः न ऐकणाऱ्या लहान मुलांसाठी केंद्र सरकारच्या ‘अडिप’ योजनेत उत्पन्नाच्या अटीवर ही मदत मिळते. परंतु तेथे वयाची मर्यादा आहे, आणि चार वर्षांनंतर धावाधाव करणाऱ्यांची कागदपत्रे पुरी होईपर्यंत ती मर्यादा उलटून जाते. शस्त्रक्रिया झाली म्हणजे मूल उद्या बोलेल असेही नाही. यंत्राची जुळणी वारंवार करावी लागते, वाचातज्ज्ञाकडे दोन-तीन वर्षे जावे लागते, आणि घरी रोज, चूल-भांडी करताना, न्हाऊ घालताना बाळाशी बोलत राहावे लागते. हे शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि फुकट आहे.

ज्या मुलाला यंत्राने फारसे ऐकू येत नाही त्याच्यासाठी हातांची भाषा आहे. खुणांच्या भाषेकडे आपण कमीपणाने पाहतो. ती पुरी भाषा आहे, तिला स्वतःचे व्याकरण आहे. भारतीय खुणांच्या भाषेसाठी २०१५ पासून दिल्लीत केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था काम करते. मुलाला एक तरी भाषा वेळेवर आणि भरपूर मिळावी, हे मुख्य. ती कानाने मिळो वा डोळ्यांनी.

आता एक नाजूक गोष्ट. चुलत, मावस, आते-मामे भावंडांत विवाह आपल्याकडे होतात. मामा-भाचीचे, आते-मामे भावंडांचे विवाह महाराष्ट्रातील इतर समाजांतही होतात, तेव्हा हे बोट एकाच समाजाकडे नाही. जन्मजात बहिरेपणाची काही बीजे अशी असतात की, आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून आली तरच दोष दिसतो. दोघे एकाच आजोबांची नातवंडे असली तर दोघांकडे तेच बीज असण्याचा संभव वाढतो, आणि तसे असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक हा धोका राहतो. शरियतने अशा विवाहाची परवानगी दिली आहे; सक्ती केलेली नाही. ज्या घरात एक मूल न ऐकणारे आहे, त्या घरात पुढच्या पिढीची नाती पुन्हा आतल्या आत जोडण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढेच मी म्हणेन. आणि न ऐकणारे मूल झाले म्हणून सुनेला बोल लावण्याचे प्रकार होतात, त्यांना या विज्ञानात कसलाही आधार नाही; बीज दोन्हीकडचे असते.

तसेच रुबेलाचे. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला हा साधा दिसणारा ताप-पुरळ आला तर बाळाचे कान, डोळे, हृदय यांवर घाला पडतो. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली तेव्हा नाना अफवा उठल्या आणि काही पालकांनी मुलांना त्या दिवशी शाळेतच पाठवले नाही. ती लस आता नेहमीच्या लसीकरणात आहे. मुलींना ती चुकवू नका.

पास झालेल्या बाळाच्या पालकांनाही एक शब्द. जन्मवेळचे पास हे जन्मभराचे प्रमाणपत्र नव्हे. मेंदूज्वर, कानाला घातक अशी काही औषधे, काही आनुवंशिक दोष यांमुळे श्रवण पुढे मंदावते. सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे मान वळवते, वर्षाच्या सुमारास एखाद-दुसरा अर्थपूर्ण शब्द बोलते, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते. हे नसेल तर पुन्हा तपासा. आणि कानात कोमट तेल, लसणाचा रस सोडणे कृपा करून बंद करा.

सरकारने काही केले नाही असे नाही. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ च्या सुमारास सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाला; त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे, आणि त्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी बालकांसाठी शीघ्र उपचार केंद्रे उघडली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून राष्ट्रीय श्रवण संस्था आहे, तिचे नाव अली यावर जंग. हे गृहस्थ महाराष्ट्राचे राज्यपाल होते, त्यापूर्वी अलिगढ विद्यापीठाचे कुलगुरू. ज्यांच्या नावाचा अभिमान आपण शिक्षणाच्या सभांतून बाळगतो, त्यांच्या नावाची ही संस्था आपल्यांतील किती कुटुंबांना ठाऊक आहे?

केरळात एर्नाकुलम येथे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्ये एक सुटसुटीत युक्ती केली. प्रत्येक रुग्णालयाने यंत्र घेण्याऐवजी एक यंत्र आणि एक प्रशिक्षित व्यक्ती ठरलेल्या दिवशी अनेक रुग्णालयांत फिरू लागली. आपल्या तालुक्यातील प्रसूतिगृहांसाठी अशी एक फेरी उभी करणे या संस्थेच्या आवाक्यात आहे. पण मला विचाराल तर यंत्रापूर्वी एक नोंदवही घ्या. ज्या बाळाचे रेफर आले त्याची तीत नोंद, आणि पुढे तीन फोन : माहेरचा, सासरचा आणि शेजारचा किंवा मशिदीच्या पेशइमामसाहेबांचा. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातील दोन मुली दर शनिवारी ती वही घेऊन बसतील आणि विचारतील, ‘बाळाला पुन्हा दाखवले का?’ ज्यांना भाड्याची अडचण असेल त्यांना जिल्ह्याच्या गावी जाण्या-येण्याचे भाडे जकातीतून द्यावे की अन्य निधीतून, हे विश्वस्तांनी उलेमांना विचारून ठरवावे. बालवाडीच्या प्रवेश अर्जात एक ओळ वाढवावी : ‘जन्मानंतर कानाची तपासणी झाली आहे काय? निकाल काय?’ ज्यांना उत्तर ठाऊक नसेल त्यांचे मूल त्याच महिन्यात तपासून घ्यावे. मकतबच्या उस्तादांनीही, जे मूल वारंवार ‘काय?’ विचारते किंवा तोंडाकडे टक लावून पाहते, त्याला छडीआधी कानाच्या डॉक्टरकडे पाठवावे.

आणि ज्यांच्या घरी येत्या काही महिन्यांत पाळणा हलणार आहे त्यांनी रुग्णालयातून निघताना बिलाची पावती मागतो तसेच विचारावे : कानाची चाचणी झाली का, दोन्ही कानांची झाली का, निकाल काय, आणि पुन्हा यायचे असेल तर तारीख कोणती. ती तारीख कागदावर नव्हे, लसीच्या कार्डाच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी. ते कार्ड माहेराहून सासरी बाळाबरोबर जाते.